शर्ट खोचावा की सोडावा

स्वसंरक्षणाचा हक्क माणसाला परमेश्वरानं दिला, राज्यघटनेनं मान्य केला आणि आमच्या ओक्लाहोमानं तर परवान्याची अटही काढून टाकली. आता माणसानं फक्त एवढंच ठरवायचं उरलं होतं, की शर्ट आत खोचायचा की बाहेर सोडायचा.

व्हर्लिन मेब्री सोमवारी सकाळी साडेसहाला आरशासमोर उभा राहून तेच ठरवत होता. खोचला की कमरेचं आखूड नळीचं रिव्हॉल्व्हर सगळ्या जगाला दिसे. सोडला की ते झाकलं जाई, पण पोटाशी उजवीकडे एक टेंगूळ उभं राही. गेली सहा वर्षं तो सोडत आला होता. आज त्यानं दोनदा खोचला आणि दोनदा बाहेर काढला.

"लग्नाला जायचंय का कुठं?" त्याची बायको नोरीन दारात येऊन म्हणाली.

"गुरुवारी हॉइटच्या आवारात जायचंय."

"आज सोमवार आहे."

"सवय करून बघतोय."

"मरायची सवय करावी लागत नाही, जमतं सगळ्यांना," नोरीन म्हणाली. "अंडी गार होतायत."

व्हर्लिन पाण्याचे मीटर वाचायचा. सत्तावीस वर्षं. आमच्याकडे मीटर जमिनीत, खड्ड्यात असतात, आणि जुनी लाइन असल्यामुळे खड्डे रस्त्यालगत नसून थेट लोकांच्या आवारात, गोठ्यामागं किंवा कपडे वाळत घालायच्या दोरीखाली. म्हणजे महिन्यातून एकदा व्हर्लिननं आत जायचं, हुकानं लोखंडी झाकण उचलायचं, कोळी आणि गांधीलमाश्या बाजूला करायच्या, गुडघे टेकून काच पुसायची आणि आकडा वहीत लिहायचा. एवढंच काम. पण सत्तावीस वर्षं हे केलं की माणसाला गावाचं पोट कळतं. कुणाकडं बाळ आलं, कुणाची मुलगी नवऱ्याला सोडून माहेरी आली, कुणाचा म्हातारा आता उठून संडासाला जात नाही, हे व्हर्लिनला डॉक्टरच्या आणि पाद्र्याच्या आधी कळायचं. त्याच्या आधीच्या मीटरवाल्यानं निवृत्त होताना त्याला एकच उपदेश केला होता, "आकडा वहीत लिहायचा, तोंडात आणायचा नाही."

सव्वीस वर्षं व्हर्लिननं तो पाळला. मग एप्रिलात, एका मंगळवारी, ट्वायलाच्या हॉटेलात भरल्या टेबलावर, तो हॉइट पेटिग्रूला म्हणाला, "हॉइट, तुझा मीटर अडकलाय बहुतेक. दोन महिने आकडा एकाच माणसाचा येतोय. घरात दोघं आहात ना?"

त्याच्या मनात काही नव्हतं. त्याला खरोखरच मीटरची काळजी वाटत होती. पण मऊ पावासारख्या बिस्किटांवर पांढरी ग्रेव्ही ओतणारा ट्वायलाचा हात तिथंच थांबला आणि ग्रेव्ही बशीतून टेबलावर, टेबलावरून जमिनीवर गेली. हॉइट गुरांच्या बाजारात लिलाव पुकारायचा. मिनिटाला दोनशे शब्द बोलणारा माणूस. तो एकही शब्द न बोलता उठला, टोपी घातली आणि निघून गेला. बायकोची, वँडाची, पाठ धरलीय, ती पलंगावरून उठत नाही, असं तो आठ आठवडे सगळ्यांना सांगत होता. वँडा फेब्रुवारीत टल्साला दाताच्या डॉक्टरकडे गेली होती आणि दात बरा झाल्यावरही त्याच्याकडेच राहिली होती.

महिन्याभरात हॉइटच्या फाटकावर पाटी लागली: आत पाऊल टाकणाऱ्यावर गोळी झाडली जाईल. जून आणि जुलै, दोन्ही महिने व्हर्लिन फाटकावरून परत आला आणि वहीत अंदाजे आकडा लिहिला. जुलैत तर हॉइट ओसरीवर उभाच होता, कमरेला पिस्तूल लावून. "ऑगस्टात फाटक ओलांडलंस ना व्हर्लिन," तो लिलावाच्या आवाजात ओरडला, "तर पायांवर परत जायचा नाहीस."

व्हर्लिन पाणी विभागाच्या कचेरीत गेला. साहेब म्हणाले, अंदाज दोनदाच चालतो; तिसऱ्यांदा मीटरवाला आवारात गेला नाही तर त्यानं काम नाकारलं असं धरतात. निवृत्तीला चौदा महिने उरले असताना असं काही धरून घेणं व्हर्लिनला परवडणारं नव्हतं. मग तो शेरीफच्या कचेरीत गेला. तिथं त्याचं सगळं नीट ऐकून घेतलं आणि सांगितलं, की अजून काहीच घडलेलं नाही. घडलं की लगेच फोन कर.

तेव्हा गुरुवारी, चौदा ऑगस्टला, हॉइटच्या आवारात जायचं हे नक्की होतं. प्रश्न शर्टाचा होता.

मंगळवारी सकाळी आम्ही नेहमीचे सातजण ट्वायलाकडं होतो. व्हर्लिन सोडून सगळ्यांच्या कमरेला उघडं पिस्तूल होतं, त्यामुळे खुर्चीत बसताना सगळ्यांना थोडं तिरकं बसावं लागे. सगळ्यात मोठं अर्ल डीनचं. तो पूर्वी फौजेत सामानाच्या गोदामावर होता आणि युद्धाबद्दल अधिकारानं बोलायचा. त्याच्या चामडी खोळीवर ओकची पानं कोरलेली होती.

"उघडं ठेव," अर्ल डीन म्हणाला. "उघडं पिस्तूल म्हणजे कुंपणावरची पाटी. कुत्र्यापासून सावध. चोर पाटी वाचतो आणि पुढच्या घरी जातो."

"पाटी असेल तर चोर आधी कुत्र्यालाच मारतो," कॉफी ओतत ट्वायला म्हणाली.

"बाईमाणसानं यात बोलू नये."

"मग बाईमाणसानं कॉफीही ओतू नये. ऊठ, घे तुझी तू." ती पुढं गेली. "व्हर्लिन, लपव रे तू. त्याला दिसलं की त्याला निमित्त मिळालं. हत्यार घेऊन आत शिरला म्हणेल, आणि कोर्ट मान डोलावेल."

"आणि लपवलं तर?" अर्ल डीन म्हणाला. "काढेपर्यंत हा मेलेला असेल. याच्याकडं बघ. याला पाकीट काढायला दोन मिनिटं लागतात."

"तुझं पाकीट तर मी अजून पाहिलंच नाही," ट्वायला म्हणाली.

एवढ्यात दार उघडलं आणि हॉइटच आत आला. एप्रिलनंतर तो आमच्या टेबलावर बसला नव्हता. तो गल्ल्यापाशी उभा राहिला, पाठ आमच्याकडं करून.

"गुरुवारी येतोयस म्हणे," तो भिंतीला म्हणाला.

"यावं लागतंय, हॉइट," व्हर्लिन म्हणाला.

"आंघोळ करून ये. प्रेताला घालायचं पाणी तरी वाचेल. तूच हिशेब ठेवतोस ना गावातल्या आंघोळींचा?"

कुणी हसलं नाही; हसायला हवं होतं की नाही हे कळायच्या आत वेळ गेली. व्हर्लिनचे कान लाल झाले. तो आयुष्यात कधी वाद घालायला उभा राहिला नव्हता, आताही अर्धवटच उभा राहिला. "माझ्याकडंही आहे," तो म्हणाला.

"काय आहे?" हॉइट वळला.

"आहे. सहा वर्षं आहे." आणि व्हर्लिननं शर्टाचं टोक उचललं.

सगळं हॉटेल त्याच्या पोटाकडं बघत राहिलं. चट्टे पडलेलं लाकडी मुठीचं रिव्हॉल्व्हर पोटाच्या वळीत अर्धं रुतलं होतं. ट्वायलानं कॉफीची किटली खाली ठेवली.

"म्हणजे ती पिशवी नाहीये?"

"कसली पिशवी?"

"अरे, आतड्याची. ऑपरेशननंतर लावतात ती."

सहा वर्षांपूर्वी व्हर्लिनच्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं होतं. त्यानंतर महिन्याभरानं एका मोकाट कुत्र्यानं त्याला झाडावर चढवलं आणि त्यानं रिव्हॉल्व्हर घेतलं. गावानं आधी ऑपरेशन पाहिलं आणि मग टेंगूळ पाहिलं. बाकीचं गावानं आपण होऊन ठरवून टाकलं. आमच्याकडची माणसं कुणाच्या पोटाबद्दल तोंडावर विचारत नाहीत, आणि पिस्तूल कुणी लपवून ठेवेल असं गावात कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

हॉइट हसायला लागला. लिलावात बैलाला बोली न आल्यावर हसतात तसा. "पिशवी!" तो म्हणाला आणि हसत हसत कॉफी न घेताच गेला.

बुधवारी संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये जेवण असतं. व्हर्लिन आणि नोरीन आत शिरले तेव्हा बातमी त्यांच्या आधीच पोचून, जेवून, भांडी विसळून बसली होती. सिस्टर मॉडीननं त्यांना दारातच गाठलं. चर्चमध्ये आम्ही सगळे एकमेकांचे ब्रदर-सिस्टर. बायबलच्या वर्गात आणि प्रार्थनेच्या यादीत मॉडीनच्या शब्दापुढं कुणी जात नसे, पाद्रीही नाही.

"सहा वर्षं, ब्रदर व्हर्लिन," ती म्हणाली. "दर बुधवारी. चौदा बायका. तुझ्या पिशवीसाठी."

"मी कधी म्हटलं नव्हतं सिस्टर, की मला—"

"म्हटलं नव्हतंस म्हणूनच! जे सांगवत नाही त्याचीच वेगळी यादी असते आपल्याकडं. तुझं नाव तिच्यात पहिलं होतं. कर्करोगाच्या वर."

"मला माहीत नव्हतं."

"शेवटचा बाक तुला का दिला? संडासाचं दार जवळ म्हणून. घडीची टेबलं उचलायला कधी लावलं तुला? तुला कुणी कधी जोरात मिठी मारली? फुटू नये म्हणून जपला रे तुला."

व्हर्लिन हॉलकडं बघत राहिला. शेवटचा बाक हा त्याला मान वाटला होता. टेबलं न उचलणं हेही वयाचा मान म्हणून त्यानं स्वीकारलं होतं. लोक हातचं राखून भेटतात, ते आदरानं, असं तो नोरीनला एकदा म्हणालाही होता.

नोरीनचा चेहरा मात्र वेगळ्याच कारणानं उतरला होता. "आणि ते कॅसरोल? भांडं भरून यायचं ते?" तिनं विचारलं.

"काय वाटलं तुला? मऊ पदार्थ कशाला पाठवत होतो आम्ही? त्याच्या आतड्याला सोसावं म्हणून. माझ्या भेंडीत मी सहा वर्षं मिरी घातली नाही."

"मला वाटलं, आम्ही आवडतो तुम्हाला," नोरीन म्हणाली.

मॉडीननं हातातल्या पाटीवरच्या यादीत पहिल्या नावावर एक रेघ ओढली. व्हर्लिननं ती रेघ ओढलेली पाहिली.

"सिस्टर," तो हळू म्हणाला, "उद्या मी हॉइटच्या आवारात जातोय. तो काय म्हणालाय ते तुम्हाला ठाऊक आहे. उद्यापुरतं नाव राहू द्या."

"नव्या विनंतीसाठी चिठ्ठी लिहावी लागते. कागद कॉफीच्या टेबलाजवळ आहेत."

"मग आत्ता लिहितो."

"आजची यादी दुपारीच फोनवर सांगून झाली. पुढच्या बुधवारी येईल," मॉडीन म्हणाली. मग जरा थांबून, "तेव्हा तुला लागली तर."

त्या संध्याकाळी व्हर्लिनला पाच घडीची टेबलं उचलायला लावली.

बाहेर गाडीपाशी अर्ल डीन भेटला. त्यानं कोरीव पानांची जुनी खोळ कमरेची काढली आणि व्हर्लिनच्या हातात दिली. "आता लपवायचं काय उरलंय तुझं?" तो म्हणाला. "ही घाल. माणसासारखा जा." खोळ मोठ्या पिस्तुलाची होती. व्हर्लिनचं आखूड रिव्हॉल्व्हर तिच्यात बापाच्या बुटात पोराचा पाय जावा तसं गेलं. पण अर्ल डीनच्या गोष्टीला नाही म्हणणं अवघड असतं, आणि व्हर्लिनला त्या दिवशी कुणी काही दिलेलं तेवढंच होतं.

गुरुवारी सकाळी त्यानं शर्ट खोचला. नोरीननं मागून येऊन त्याची कॉलर सरळ केली.

हॉइटच्या फाटकापाशी गाडी थांबवल्यावर त्याच्या लक्षात आलं, की पाणी विभागाचा नारिंगी जाकीट घालायचा नियम आहे. जाकीट न घालता आवारात शिरणारा मीटरवाला म्हणजे कायद्यानं नुसता घुसखोर. त्यानं जाकीट घातलं. ते मांड्यांपर्यंत आलं आणि दोन दिवस गावानं ज्याच्यावर चर्चा केली ते रिव्हॉल्व्हर पूर्ण झाकलं गेलं. त्यानं जाकिटाचा उजवा पदर मागं सारून मुठीमागं अडकवला. दोन पावलांत तो सुटला. पुन्हा अडकवला. असं करत करत, एका हातानं जाकीट धरून आणि दुसऱ्या हातात झाकण उचलायचा हूक घेऊन, त्यानं फाटक ओलांडलं.

हॉइट ओसरीवर होता. पिस्तूल कमरेला नव्हतं, हातात होतं.

"आलास."

"मीटर बघायचाय, हॉइट."

"कमरेला काय आहे?"

"दिसतंय तुला."

"नाही दिसत. जाकीट आलंय त्याच्यावर."

व्हर्लिननं जाकीट मागं सारलं. "आता?"

"आता दिसलं. हत्यार घेऊन माझ्या घरात शिरलायस."

"तुझ्याही हातात आहे."

"घर माझं आहे," हॉइट म्हणाला, आणि यात काही खोटं नव्हतं.

खड्डा ओसरीपासून बारा पावलांवर, कपड्यांच्या दोरीखाली होता. दोरी रिकामी होती. व्हर्लिननं बारा पावलं टाकली. मधे त्याला दोनदा पाठीमागं लोखंडाचा आवाज आल्यासारखा वाटला, पण त्यानं वळून पाहिलं नाही. झाकणाच्या भोकात हूक घालून त्यानं झाकण बाजूला केलं. तीन महिन्यांच्या चिखलानं खड्डा अर्धा भरला होता. तो गुडघ्यांवर बसला आणि काच पुसायला पुढं वाकला.

अर्ल डीनच्या खोळीतून रिव्हॉल्व्हर सरळ खाली घसरलं आणि खड्ड्यात पडलं. डुबुक असा आवाज आला. एक बेडूक बाहेर आला आणि गवतात गेला.

टोळ ओरडत होते. व्हर्लिन गुडघ्यांवर होता, पाठ हॉइटकडं, कमरेला ओकच्या पानांची रिकामी खोळ. त्याला हात वर करावेत की पाण्यात घालावेत हे कळेना. मग सत्तावीस वर्षांची सवय म्हणून त्यानं काच पुसली, चष्मा वर सारला, आकडा वाचला आणि वहीत लिहिला.

ओसरीच्या पायऱ्या करकरल्या. हॉइट त्याच्या मागं येऊन उभा राहिला. त्याची सावली वहीवर पडली.

"किती?" हॉइटनं विचारलं.

"वहीत आहे."

"मी विचारतोय. एप्रिलात तर न विचारता सांगितलंस."

व्हर्लिननं वही मिटली आणि जाकिटाच्या खिशात घातली. "तेव्हा चुकलो," तो म्हणाला. "मला वाटलं मीटर अडकलाय."

"आणि आता?"

"मीटर बरोबर आहे, हॉइट."

हॉइटनं रिकाम्या दोरीकडं पाहिलं. मग तो म्हणाला, "ती घाण काढ माझ्या खड्ड्यातनं, आणि चालता हो," आणि आत गेला. जाळीचं दार आपटलं. कडी लावल्याचा आवाज आला. मग दुसरी कडी.

व्हर्लिन पालथा झोपला आणि खांद्यापर्यंत हात चिखलात घातला. आधी दगड लागला, मग कसलं तरी मूळ, मग रिव्हॉल्व्हर. नळीतून गढूळ पाणी गळत होतं. आता ते परत खोळीत घालणं म्हणजे अर्ल डीनचं चामडं खराब करणं, आणि पोटाशी खोचायला शर्ट राहिला नव्हता, चिखलच होता. मेलेला उंदीर शेपटीनं धरावा तसं त्यानं ते दोन बोटांत धरलं, झाकण पायानं जागेवर सरकवलं आणि फाटकाकडं चालू लागला. खिडकीचा पडदा हलला तो त्याला दिसला. फाटक त्यानं नीट लावून घेतलं, गुरं बाहेर जाऊ नयेत म्हणून.

सप्टेंबरच्या दोन तारखेला विभागाची माणसं आली आणि हॉइटच्या रस्त्यावरचे मीटर बदलून गेली. नवे मीटर आपला आकडा आपणच रस्त्यापर्यंत पाठवतात. ते मार्चमध्येच मागवले होते आणि त्या रस्त्यावर एक ऑगस्टला बसवायचे होते, पण खोकी आर्कान्सामधल्या कुठल्या तरी गोदामात पाच आठवडे पडून राहिली. कचेरीतून तसं पत्र निघालं होतं, ते त्या रस्त्यावरच्या सगळ्यांना गेलं, व्हर्लिनला नाही, कारण ते फक्त तिथल्या ग्राहकांसाठी होतं.

आता कुणाच्या आवारात जावं लागत नाही. गाडीची काच वर करून रस्त्यानं हळू जायचं, बास. हॉइटच्या रस्त्यावरच्या सव्वीस घरांना अकरा मिनिटं लागतात.